राणीछाप रुपया घासायच्या आधी

धनत्रयोदशी आली की खान्देशातल्या पुष्कळ घरांत देव्हाऱ्याखालची डबी निघते. आत पाच-सात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे, रुपये, एखादा पंचम जॉर्जचा, तळाशी एखादी शिवराई नाहीतर भोकाचा पैसा. पूजेत लक्ष्मी लखलखीत दिसावी म्हणून घरातलं कोणीतरी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसतं, आणि अर्ध्या तासात शंभर-सव्वाशे वर्षांचा थर मोरीत वाहून जातो. तो अर्धा तास टळावा म्हणून हा लेख.

मीही घासलेत. बारा वर्षांचा होतो, अमळनेरला आजोळी. आजीनं अकरा रुपये पुढ्यात ठेवले आणि मी ते तांब्या-पेल्यासारखे उजळले. त्यातला एक १८६२ चा होता, काठानं निळसर, मध्ये सोनेरी. तो आज माझ्याकडे आहे. भिंगाखाली धरला की राणीच्या गालावरून कानाकडे गेलेल्या शेकडो बारीक रेघा दिसतात. सगळ्या एकाच दिशेनं, माझा अंगठा फिरला त्या दिशेनं. निळा रंग पुन्हा आला नाही. चाळीस वर्षांत आला तो नुसता मातकट करडेपणा.

नाणी जमवायला नव्यानं लागलेल्या माणसाला सगळे आधी साल आणि टांकसाळ बघायला शिकवतात. मी म्हणतो, आधी पृष्ठभाग वाचायला शिका. साल पुस्तकात सापडतं, पृष्ठभाग फक्त त्या एका नाण्यावर असतो.

बघायची तयारी

सामान थोडंच लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफ डोळ्याला लावतात तसं. दोन दशांश स्थळांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. एक चुंबक. आणि टेबलावर ठेवायचा एका बल्बचा दिवा. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीच्या पसरट उजेडात नाणं बघू नका, त्या उजेडात घासल्याच्या रेघा लपतात. उजेड एकाच ठिकाणाहून आणि बाजूनं यायला हवा.

टेबलावर जाड मऊ टॉवेल अंथरा. हात साबणानं धुऊन कोरडे करा. नाणं फक्त काठाला धरा, अंगठा आणि तर्जनीत. चेहऱ्यावर बोट टेकवलं तर आज काही दिसत नाही, पण घामातले क्षार आणि तेल तिथंच राहतं आणि काही महिन्यांनी तुमच्या बोटाचा ठसा तपकिरी होऊन वर येतो. तांब्यावर तर तो कायमचा बसतो. नाण्यावर वाकून बोलूही नका. थुंकीचे बारीक तुषार पडतात आणि त्यांचे काळे ठिपके होतात.

आता नाणं दिव्याखाली सावकाश तिरपं करा आणि गोल फिरवा. चार-पाच वेळा. एवढ्याशा कृतीत पुढचं सगळं आहे.

तकाकी: नाण्याचं पाणी

टांकसाळीत साच्याचा घाव बसतो तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो, आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं फिरवलं की त्या रेषांवरून उजेडाचे दोन पट्टे पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरतात. संग्राहक याला लस्टर म्हणतात, मी तकाकी म्हणतो. पॉलिशची चमक वेगळी. ती आरशासारखी सपाट असते, नाणं फिरवलं तरी फिरत नाही, जागच्या जागी चकचकते. हा फरक शब्दांनी कळत नाही. या वर्षीचं एखादं कोरं नाणं सुट्ट्या पैशांतून उचला, शेजारी एक घासून पुसलेलं जुनं ठेवा आणि दोन्ही दहा मिनिटं आलटून पालटून फिरवा. डोळ्याला एकदा सवय झाली की ती जात नाही.

झीज नेहमी उंचवट्यावर आधी येते. राणीछाप रुपयावर गाल, कानावरचे केस आणि मुकुटातली रत्नं बघा. सातव्या एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस आणि दाढी. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान आणि अंगरख्यावरची साखळी. त्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला, तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षापासून हत्ती नव्यानं कोरला गेला. झीज मोजायला हा हत्ती फार उपयोगी. त्याचे पाय वेगळे दिसतात की नुसता गोळा दिसतो, एवढ्यावर अर्धी प्रत, म्हणजे नाण्याचा दर्जा, ठरते.

उंचवटा सपाट दिसला म्हणजे झिजलाच असं मात्र धरू नका. कधी घावच कमी जोराचा बसलेला असतो. अशा वेळी सपाट भागावरसुद्धा तकाकी असते. झिजलेल्या भागावर ती नसते, तिथं मंद राखाडी दिसतं.

रंग कुठून येतो

चांदी हवेतल्या ऑक्सिजननं सहसा काळवंडत नाही. तिचा शत्रू गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो, तो चांदीवर बसून सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा करतो. हा पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. पावसात डांबरी रस्त्यावर डिझेलचा थेंब पडला की जे रंग दिसतात, त्यामागचं कारण इथंही तेच आहे: पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि जाडीप्रमाणे एकेक रंग उठतो किंवा बुजतो. पापुद्र्यात रंगद्रव्य काही नसतं.

म्हणून रंगांना क्रम असतो आणि तो क्रम पाठ करायलाच हवा. आधी फिकट सोनेरी, मग गडद सोनेरी, मग आमसुली तांबूस, मग जांभळा, मग निळा, मग फिकट आकाशी. पापुद्रा आणखी जाड झाला की दुसरी फेरी: पुन्हा पिवळा, मग गुलाबी, मग हिरवा. शेवटी करडा आणि काळा.

हवा काठाकडून शिरते म्हणून काठावर पापुद्रा जाड आणि मध्ये पातळ असतो. नैसर्गिक रंगलेल्या रुपयावर काठ निळा, आत जांभळी कड, त्याच्या आत तांबूस, मध्यभागी सोनेरी किंवा कोरी चांदी असं दिसतं. एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो, मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा नसते. एकावर एक ठेवलेल्या रुपयांवर चंद्रकोरीसारखा रंग येतो, वरच्या नाण्यानं झाकलेला भाग कोरा आणि उघडी कोर रंगीत. अक्षरांच्या कडेला लागून कधी कधी केसाएवढी उजळ रेघ राहते. ती दिसली की मला बरं वाटतं, कारण ती नकली रंगात सहसा साधत नाही.

१९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली. उरलेल्यात तांबं, निकेल आणि जस्त. म्हणून सहाव्या जॉर्जचे ते रुपये सुरेख रंगत नाहीत, मळकट राखाडी होतात. त्यांच्याकडून राणीछापाच्या रंगाची अपेक्षा करू नका आणि मळकट दिसतात म्हणून घासूही नका. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो. त्यावर चांदीचा इंद्रधनुषी रंग दाखवून कोणी भाव सांगत असेल तर तिथून उठावं.

नकली रंग कसा पकडायचा

रंगीत नाण्याला साध्या नाण्यापेक्षा जास्त भाव येतो, म्हणून रंग चढवणारेही आहेत. उकडलेलं अंडं, गंधकाचं मलम, गॅसची ज्योत, काय काय वापरतात. तीन गोष्टी तपासा.

पहिली, क्रम. सोनेरीला लागून थेट हिरवा किंवा झगझगीत मोरपंखी आला आणि मधले तांबूस-जांभळे गायब असतील तर पापुद्रा एका झटक्यात चढलाय. दुसरी, तकाकी. रंगाच्या खालून पवनचक्की फिरली पाहिजे. झिजून गुळगुळीत झालेल्या रुपयावर भडक इंद्रधनुष्य जवळजवळ कधीच येत नाही. तिसरी, आणि मी हिच्यावर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो: रेघा. घासल्याच्या रेघांच्या तळाशीही तोच रंग उतरला असेल तर आधी घासलं आणि मग रंग आला. हे आपोआपही होतं, आजोबांनी घासलेला रुपया नातवाच्या हयातीत पुन्हा रंगतो. पण घासलेल्या नाण्यावर ताजा, भडक रंग असेल तर तो रेघा झाकायला चढवलेला असायची शक्यता मोठी. नाणं नाकाजवळही नेऊन बघा. ताज्या कामाला गंधकाचा वास राहतो.

तांबं: राप आणि कळंक

पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. शिवराई, ढब्बू पैसा, पाव आणा, भोकाचा पैसा यांच्या बाबतीतही हेच ज्ञान कामी येतं. तांब्यावर दोन प्रकारचे थर येतात, ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

एक राप. एकसारखा, कठीण, तपकिरी किंवा गडद चॉकलेटी, जमिनीत राहिलेल्या शिवराईवर कधी गुळगुळीत हिरवा. नखानं निघत नाही, बोटाला लागत नाही. हा राप नाण्याचं कवच आहे. तो काढलात तर खाली गुलाबी, उघडं, खड्डे पडलेलं तांबं निघतं आणि त्या शिवराईकडे कोणी पुन्हा बघत नाही.

दुसरा कळंक. फिकट हिरवी भुकटी, पिठासारखी, ठिपक्याठिपक्यांनी. पुसली तर जाते आणि पावसाळी हवेत आठवड्याभरात त्याच जागी परत येते. हा क्लोराइडचा रोग आहे. तांब्यातलं क्लोराइड ओलावा मिळाला की आम्ल तयार करतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. असं नाणं त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा. खात्री करायची असेल तर ते कोरड्या डबीत ठेवून शेजारी, नाण्याला न लागेल असा, ओल्या कापसाचा बोळा ठेवा. एक-दोन दिवसांत भुकटी उठली तर रोग आहे. मग नाणं ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. घरगुती उपाय इथं करू नका.

नवे पैसे, म्हणजे १९५७ पासूनचे कांस्याचे, कधी लालसर चमकदार अवस्थेत सापडतात. तो मूळ लाल रंग एकदा गेला की गेला. पुसून आणलेला लाल रंग फिका गुलाबी असतो, त्यावर तकाकी फिरत नाही.

गळ्यातले रुपये

आपल्या भागात चांदीचे रुपये जितके डबीत आहेत, तितकेच गळ्यातही होते. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, शिरपूर, चोपडा या पट्ट्यात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला गेलात तर पावरा आणि भिल्ल बायांच्या गळ्यात अजून रुपयांचे हार दिसतात. सराफाकडे मोडीत आलेल्या हारांतून सुटे झालेले हे रुपयेच नवशिक्याच्या हातात आधी पडतात. म्हणून यांची ओळख थोडी सविस्तर.

रुपयाला वरच्या बाजूला कडी झाळलेली असायची. ती काढली की तिथं खूण राहतेच. नाणं उभं धरून काठाच्या खाचा मोजल्यासारख्या बघत पूर्ण गोल फिरवा. एका जागी खाचा बुजलेल्या, सपाट किंवा नव्यानं कानशीनं पाडलेल्या दिसतील. तिथल्या चांदीचा रंग वेगळा असतो, थोडा पिवळट किंवा निळसर करडा, कारण झाळणाची मिश्र धातू वेगळी आणि आचेनं आजूबाजूची चांदीही बदललेली. मग दोन्ही बाजू ताडून बघा. अंगाकडची बाजू कापड आणि घामानं गुळगुळीत झालेली असते, बाहेरची त्या मानानं शाबूत. एकाच नाण्याच्या दोन बाजूंत एवढी तफावत दिसली की कडी शोधायला लागा. शेवटी वजन. १९३९ पर्यंतचा पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅम. झीज धरून थोडा कमी भरेल. जास्त भरला तर झाळण शिल्लक आहे किंवा नाणंच खोटं आहे.

असा रुपया घेऊ नये असं मी म्हणत नाही. तो कडीचा रुपया म्हणून, त्या भावानं घ्यावा. पण अखंड हार हाती आला तर तो नाण्यांसाठी तोडू नका. मी एका दुकानात बावीस रुपयांचा हार पक्कडीनं सुटा होताना पाहिला. प्रत्येक रुपयाच्या काठाला जखम झाली आणि हारही गेला. ज्या बाईनं तो आयुष्यभर घातला, तिच्या हातची गाठसुद्धा त्यात होती.

चांदवडच्या टांकसाळीतल्या चांदोरी किंवा मुघल रुपयांवर, बुऱ्हानपूरच्या टांकसाळीतल्यासुद्धा, छोटे गोल किंवा फुलीसारखे ठसे दिसतात. ते सराफांनी चांदी चोख आहे का हे बघताना मारलेले. ओरखडे आणि हे ठसे एका मापानं मोजू नका. प्रत थोडी उतरते, पण ते नाण्याच्या प्रवासाचे शिक्के आहेत आणि मला ते आवडतात.

धुवायचं का?

रंग काढायला कधीच नाही. वर बसलेला परका मळ, म्हणजे तेल, मेण, चिकटपट्टीचा डिंक, मऊ प्लॅस्टिकचा हिरवट चिकट थर, एवढाच काढायचा. त्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन वापरतात, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. नखांचं पॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.

काम अंगणात किंवा गच्चीवर करा. अ‍ॅसिटोन चटकन पेटतं, जवळ दिवा, उदबत्ती, शेगडी काही नको. काचेच्या दोन वाट्या घ्या. पहिलीत नाणं काही मिनिटं बुडवून ठेवा, चिमट्यानं धरून उलटा, घासू नका. मग दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये विसळा. बाहेर काढून मऊ कापडावर उभं टेकवा, आपोआप सुकतं. पुसायचं नाही. अ‍ॅसिटोन चांदीच्या रंगाला हात लावत नाही. मात्र वाळल्यावर रंग गायब झाला असेल तर तो रंगच खोटा होता, कोणीतरी लावलेला.

माती बसलेल्या तांब्याला डिस्टिल्ड पाणी. बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, बाटलीवर आम्ल नाही ना तेवढं वाचून घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात क्षार, दोन्ही तांब्याला वाईट. रोज पाणी बदलत आठवडाभर भिजू द्या, सुटलेली माती बांबूच्या काडीनं हलकेच ढकला. न सुटलेली राहू द्या.

बाजारात चांदी क्षणात पांढरी करणारी द्रवं मिळतात. ती पापुद्र्याबरोबर वरच्या तकाकीच्या रेषाही खातात. दोन-तीन बुडव्यांत नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं, चुन्यासारखं. नवशिक्यानं ती घरात आणू नयेत. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, पितळ उजळायची पावडर, सगळ्यांना हाच नियम.

ठेवायचं कसं

आपल्याकडे दोन संकटं. वैशाखात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. अशा उष्णतेत मऊ पीव्हीसीच्या पिशव्या लवकर घाम सोडतात, तोच तो हिरवट चिकट थर. वास घेऊन बघा, नव्या पावसाळी चपलेसारखा वास आला तर ती पिशवी नको. कडक, कुरकुरीत मायलरची, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लॅस्टिकची, पाकिटं किंवा नाण्याच्या मापाची कॅप्सूल घ्या. पुठ्ठ्याची चौकोनी घडी वापरत असाल तर स्टेपलच्या पिना पक्कडीनं दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा.

दुसरं संकट पावसाळा. मृगापासून नवरात्रापर्यंत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मणी रंग बदलतात ते घ्या, ओले झाले की कळतं, तापवून पुन्हा वापरता येतात.

रबर बँड, लोकर, वर्तमानपत्र, मखमल यांत नाणी गुंडाळू नका. रबरात गंधक असतं. रबर लावलेल्या गड्डीतल्या रुपयांवर आडवा काळा पट्टा उमटलेला मी कितीदा पाहिला आहे. कांदा आणि अंडी ठेवायच्या फडताळातही नको. माजघरातलं लोखंडी कपाट, मधला कप्पा, भिंतीपासून थोडं दूर, ही घरातली सगळ्यात चांगली जागा.

विकत घेताना

ऑनलाइन फोटोवरून घेत असाल तर एकाच नाण्याचे दोन वेगळ्या तिरकसपणातले फोटो आणि फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. व्हिडिओत रेघा लपत नाहीत. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘धुतलंय का?’ चांगला विक्रेता खरं सांगतो. फोटोतला रंग फारच गडद वाटला तर पार्श्वभूमीचा पांढरा कागद पांढराच आहे का बघा. तो निळसर असेल तर रंग फोटोतलाच.

बंद डबीतल्या प्रतवारी केलेल्या नाण्यांवर ७० पर्यंतच्या शेल्डन मापातला आकडा असतो. घासलेल्या नाण्याला तिथं आकडा न देता तसा शेरा देतात. डबीवरच्या शेऱ्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा आणि मग ताडून बघा, अभ्यास त्यानंच होतो. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. एक दिवस काढून जा आणि फक्त पृष्ठभाग बघत फिरा.

शेतात नांगराला नाण्यांचं गाडगं लागलं तर गोष्ट वेगळी. ती नाणी ना धुवायची, ना वाटून घ्यायची. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गाडगं मातीसकट जसंच्या तसं राहू द्या, कोणतं नाणं कोणाला चिकटलेलं होतं यालाही अभ्यासकांच्या लेखी मोल असतं.

आणि पूजा?

पूजेला नाही म्हणायची गरज नाही. दह्याचं आंबट, मध, हळद-कुंकू यांनी रुपया खराब होतो हे खरं. म्हणून डबीतले सगळे रुपये एका संध्याकाळी दिव्याखाली बघून घ्या, वजन, साल, रंग, खुणा एका वहीत लिहा, प्रत्येकाचे फोटो काढा. त्यातले आधीच घासलेले दोन वेगळे काढा. ते लक्ष्मीचे. बाकीचे पाकिटात जातील. आमच्या घरी ताटात माझा १८६२ चा रुपया असतो. पंचामृत त्यालाच, कुंकूही त्यालाच. पूजा झाली की डिस्टिल्ड पाण्यात विसळतो, टॉवेलवर टेकवतो आणि पुढच्या वर्षापर्यंत देव्हाऱ्याखाली ठेवतो.